जिल्हा परिषद शाळेसाठी वर्गखोली, स्वच्छतागृह, दुरुस्ती: प्रस्ताव कोणी करायचा, कागदपत्रे कोणती

वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेतली एक खोली बसण्याजोगी राहिली नाही, की पहिली ते चौथीची सगळी पोरं दुसऱ्या खोलीत येतात. गुरुजी एका भिंतीपाशी चौथीला भागाकार शिकवतात, बाई समोरच्या भिंतीपाशी पहिलीकडून बाराखडी म्हणवून घेतात. धड कोणालाच ऐकू येत नाही. मग एका गटाला ‘पाढे लिहा’ सांगून गप्प बसवावं लागतं आणि त्या गटाचा तास तिथेच संपतो. स्वच्छतागृहाचा परिणाम तर हजेरीपटावरच उतरतो. भारतातल्या शाळांमधल्या स्वच्छतागृहांवर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की लहान मुलामुलींची पटसंख्या कोणत्याही प्रकारच्या स्वच्छतागृहाने वाढते, पण वयात येणाऱ्या मुलींसाठी ते वेगळं असावं लागतं.

या सोयी मागताना कोणाच्या मेहेरबानीची वाट बघायची गरज नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत त्या लिहिलेल्याच आहेत: प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, कार्यालय-भांडार-मुख्याध्यापक यांच्यासाठी मिळून एक खोली, अडथळ्याविना आत जाता येईल असा मार्ग (म्हणजे उताराचा रॅम्प), मुलांसाठी व मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह, सर्व मुलांना पुरेल इतकं सुरक्षित पिण्याचं पाणी, आहार शाळेत शिजत असेल तर स्वयंपाकघर, क्रीडांगण, आणि कुंपण किंवा संरक्षक भिंत. शिवाय ग्रंथालय आणि खेळाचं साहित्य.

प्रस्ताव कोणी करायचा

पुढची माहिती जिल्हा परिषदेच्या शाळांची आहे. शाळा खासगी संस्थेची असेल तर इमारतीची जबाबदारी संस्थेवर येते. शासकीय आश्रमशाळेसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे जावं लागतं.

प्रस्तावाची सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीपासून होते. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांमधला, सचिव मुख्याध्यापक. कलम २२ प्रमाणे समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो. तो तीन वर्षांचा, त्यातच प्रत्येक वर्षाचा उपआराखडा. शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने (जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक संस्थेने) द्यायच्या अनुदानाचा आधार हा आराखडा असेल, असं कायदाच म्हणतो. प्रत्यक्षात तो पुष्कळ ठिकाणी मागच्या वर्षीच्या आराखड्यावरून उतरवून सह्या करून ठेवलेला असतो. त्यात ‘वर्गखोली १’ एवढंच लिहून भागत नाही. पट किती, शिक्षक किती, वापरण्याजोग्या खोल्या किती आणि म्हणून किती कमी, हे सरळ गणित मांडा.

आधी यू-डायस तपासा

समितीत प्रस्तावाचा ठराव करण्याआधी यू-डायस, म्हणजे देशभरातल्या शाळांच्या माहितीची सरकारी नोंद, तपासून घ्या, कारण बरेचसे प्रस्ताव इथेच अडकतात. प्रत्येक शाळेला ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो आणि शाळेची माहिती दरवर्षी यू-डायस प्लसवर भरली जाते. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेचं वार्षिक नियोजन याच माहितीवर होतं. वर्गखोल्या चांगल्या स्थितीतल्या किती, किरकोळ दुरुस्तीच्या किती, मोठ्या दुरुस्तीच्या किती, असं त्यात वेगवेगळं विचारतात. स्वच्छतागृहं एकूण किती आणि चालू किती, हेही वेगळं. वर्षानुवर्षं कुलूप लावून ठेवलेलं, पाण्याचा नळ तुटलेलं स्वच्छतागृह ‘चालू’ म्हणून भरलं गेलं असेल, तर वरच्या कार्यालयाच्या लेखी तुमच्या शाळेला काही कमीच नाही. शाळेचा दर्जा खाली दिसेल म्हणून आकडे रंगवण्याची सवय शाळेलाच महागात पडते. शाळेचा अहवाल यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. पालकांनी तो काढून मुख्याध्यापकांसमोर ठेवावा आणि चूक असेल तर पुढच्या भरणीत दुरुस्त करून घ्यावी.

दुसरी अडचण पडक्या खोलीची. छत खाली आलं तरी ती खोली कागदावर शाबूतच असते, आणि दोन शिक्षकांना दोन खोल्या आहेत म्हटल्यावर तिसरी मंजूर कशी व्हायची? म्हणून नव्या खोलीच्या मागणीआधी किंवा तिच्यासोबतच जुन्या खोलीचा निर्लेखन प्रस्ताव (म्हणजे ती खोली नोंदीतून कमी करण्याचा) पाठवावा लागतो. बांधकाम उपविभागाचे अभियंता पाहणी करून खोली वापरास धोकादायक असल्याचा अहवाल देतात. मंजुरी जिल्हा परिषदेकडून येते, त्यानंतरच खोली पाडून कौलं, वासे, लोखंड अशा निघालेल्या साहित्याचा लिलाव होतो. गावाने उत्साहात आधीच खोली पाडली, तर उत्तरं देता देता मुख्याध्यापकांच्या नाकी नऊ येतात.

कागदपत्रे

सर्वात वर समितीचा ठराव: सभेची तारीख, ठराव क्रमांक, सूचक-अनुमोदकाची नावं, अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सह्या. सोबत ग्रामपंचायतीचा किंवा ग्रामसभेचा ठराव. इयत्तावार पट, मंजूर व कार्यरत शिक्षकांची संख्या, यू-डायस अहवालाची प्रत, इमारत कधी बांधली आणि मागची दुरुस्ती कधी झाली याची नोंद, तारखेसह फोटो, अभियंत्याचा पाहणी अहवाल. अंदाजपत्रक बांधकाम विभागच करतो. गावातल्या ठेकेदाराकडून आकडा आणून जोडण्यात अर्थ नाही. जिल्ह्यागणिक विहित नमुना थोडा बदलतो, तो गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून घ्यावा.

खरी डोकेदुखी जागेच्या कागदाची. नवं बांधकाम म्हटलं की सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ (गावठाणातल्या मिळकतीचा उतारा) मागतात. जुन्या शाळा बऱ्याचदा कुणा शेतकऱ्याने तोंडी दिलेल्या जागेवर उभ्या आहेत. आजोबांनी शब्द दिला, शाळा झाली, पण सातबाऱ्यावर नाव आजोबांचंच राहिलं. पुढे वारस वाढले, जमिनीला भाव आला, आणि पायाखोदाईच्या दिवशी हरकत आली. त्यामुळे वारसांची मनं राजी आहेत तोवरच नोंदणीकृत बक्षीसपत्र करून फेरफार नोंदवून घ्या. नवी खोली मागायची नसली तरी हे करून ठेवावं.

नंदुरबार, पालघर, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत शाळेची जागा वनजमीन असू शकते. तिथे वनहक्क कायदा, २००६ चं कलम ३(२) उपयोगी पडतं. शाळेसाठी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळती करता येते, मात्र हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी.

कोणत्या कामाला कोणता पैसा

खडू, बल्ब, वीजबिल, इंटरनेट, नळाची तोटी, खिडकीचं तुटलेलं दार यांसाठी वेगळा प्रस्ताव लागत नाही. समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान त्यासाठीच असतं. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १,००० पर्यंत ७५ हजार आणि त्यावर १ लाख रुपये असा दर योजनेच्या आराखड्यात आहे. यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. पैसे कधी जमा झाले आणि कशावर खर्च झाले, हे समितीच्या सभेत विचारणं पालकांचं काम आहे.

स्वच्छतागृह, हात धुण्याची जागा, पाण्याची टाकी यांसाठी ग्रामपंचायतीकडे जा. वित्त आयोगाच्या निधीतून अशी कामं घेता येतात, मात्र ती ग्रामपंचायत विकास आराखड्यात असावी लागतात. आराखड्याच्या ग्रामसभेत मुद्दा मांडला नाही, तर पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं. नवी वर्गखोली आणि मोठी दुरुस्ती समग्र शिक्षातून किंवा जिल्हा वार्षिक योजनेतून होते.

कागद कुठून कुठे जातो

मुख्याध्यापकांकडून केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारे), तिथून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक). पुढे प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. प्रत्येक टेबलावर आवक क्रमांक घ्या आणि पोच जपून ठेवा. प्रस्ताव ‘वर पाठवलाय’ या उत्तरावर समाधान मानू नका, जावक क्रमांक विचारा. सांगत नसतील तर १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा. ३० दिवसांत माहिती देणं बंधनकारक आहे.

तरीही हालचाल नसेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. ती पालकच काय, कोणीही करू शकतं, आणि तीन महिन्यांत निर्णय देणं अपेक्षित आहे. निर्णय पटला नाही तर अपील महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. अर्जात ‘शाळेची अवस्था वाईट आहे’ असं मोघम लिहू नका. अनुसूचीतली कोणती सोय नाही, कोणत्या तारखेला प्रस्ताव दिला, आवक क्रमांक काय, हे तीन मुद्दे आणि प्रती जोडल्या की पुरे.

मंजुरी एका पावसाळ्यात येईलच असं नाही. तोवर धोकादायक खोलीत मुलं बसवू नयेत. खोलीला कुलूप घाला, दारावर फलक लावा आणि तसं गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा. पर्यायी जागा म्हणून समाजमंदिर किंवा ग्रामपंचायतीचं सभागृह घेत असाल, तर त्याचाही ठराव करा आणि तिथे पाण्याची व स्वच्छतागृहाची सोय आहे का ते आधी बघा.