धर्मादाय रुग्णालयात खाट हवी असेल तर पत्राआधी जमवायचे कागद

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या आमदारांच्या जनसंपर्क कार्यालयातून मतदारसंघात एक पत्रक जातं. नालेसफाई कुठवर आली, धोकादायक इमारतींतल्या रहिवाशांनी काय करायचं, अधिवेशनात कोणते प्रश्न मांडायचे आहेत, हे सगळं त्यात असतं. आरोग्याचा परिच्छेद लिहायचं काम माझ्याकडे आहे. धर्मादाय रुग्णालयांचा विषय त्या चार ओळींत मावत नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

जून उजाडला की आमच्याकडे एक मागणी हमखास येते: "पेशंटला मोठ्या हॉस्पिटलात घ्यायचंय, साहेबांचं पत्र द्या." पत्र आम्ही देतो. पण एक गोष्ट मनापासून सांगते, धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटेसाठी लागणाऱ्या कागदपत्रांत आमदारांचं पत्र नाही. ती खाट कुणाच्या शिफारशीने मिळायची वस्तू नाही, कायद्याने तुमची आहे. पत्र मिळवण्यात जाणारा दिवस उत्पन्नाचा दाखला काढण्यात घातलात तर तो जास्त कामी येईल.

हा कायदा म्हणजे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, कलम 41अअ. ट्रस्ट म्हणून नोंदलेल्या रुग्णालयांना त्यानुसार गरीब रुग्णांसाठी खाटा राखाव्या लागतात. त्याची पद्धत मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली योजनेच्या रूपात ठरवून दिली. 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी, तिथे उपचार मोफत. आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी, तिथे सवलतीचे दर. रुग्णालय आपल्या एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या वेगळ्या खात्यात जमा करतं आणि त्यातून हा खर्च भागवतं. मुंबईत जसलोक, लीलावती, हिंदुजा, बॉम्बे हॉस्पिटल, नानावटी ही मोठी नावंसुद्धा या योजनेत येतात. काचेचं दार आणि थंडगार लॉबी पाहून बाहेरूनच परत फिरणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून नावं मुद्दाम लिहिली.

पात्रता उत्पन्नावर ठरते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर निर्धन, त्यापुढे 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. दुसरा आकडा नीट वाचा. महिना 30 हजारांपर्यंत कमावणारं घर त्यात बसतं. रिक्षा चालवणारे, दुकानात कामाला असणारे, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बायका, यांतल्या कितीतरी जणांना वाटतं की आपण गरिबांच्या योजनेत बसत नाही. बसता.

आता मुख्य कागद, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. पिवळी शिधापत्रिका किंवा दारिद्र्यरेषेखालचं कार्डही पुरावा म्हणून चालतं, पण मुंबईत बहुतेकांकडे केशरी कार्ड असतं आणि तेव्हा दाखला मागितलाच जातो. त्यामुळे केशरी कार्डावर विसंबून राहू नका. 'आपले सरकार' पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज करता येतो. उपनगरात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत. शहर जिल्ह्याचं काम फोर्टच्या जुन्या जकात घरातल्या जिल्हाधिकारी कार्यालयातून चालतं. ओळखीसाठी आधार किंवा मतदार ओळखपत्र, पत्त्यासाठी शिधापत्रिका किंवा वीजबिल, एक फोटो, स्वयंघोषणापत्र आणि उत्पन्नाचा पुरावा द्यायचा. नोकरी असेल तर पगाराची पावती किंवा फॉर्म 16 चालतो. हातावर पोट असणाऱ्यांची अडचण इथेच होते. धुणीभांडी करणाऱ्या मावशींना पगाराची पावती कोण देणार? अशा वेळी किती घरांत काम करता, महिन्याला किती मिळतात, घरात आणखी कोण कमावतं, हे घोषणापत्रात खरं खरं लिहा. आकडा कमी करून लिहू नका. चौकशीत तफावत निघाली की अर्ज अडकतो, आणि तोपर्यंत पेशंट वॉर्डात असतो.

प्रतिज्ञापत्रासाठी 500 रुपयांचा स्टॅम्पपेपर लागतो असं कुणी सांगितलं तर घेऊ नका. तहसील कार्यालयातल्या अशा दाखल्यांसाठीचं मुद्रांक शुल्क मार्च 2025 मध्ये माफ झालं. लोकसेवा हक्क कायद्याखाली दाखल्याची मुदत 15 दिवसांची आहे. अर्जाची पोचपावती जपून ठेवा, 15 दिवस उलटले तर अपील करताना तीच हातात लागते.

आणि दाखल्यावरची तारीख पाहा. हे सांगण्यासाठीच मी खरं तर लिहायला बसले. मागच्या पावसाळ्यात आमच्याच भागातल्या एका चाळीतून एक ताई रात्री नऊला कार्यालयात आल्या. नवऱ्याला लेप्टो, म्हणजे साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा ताप, झाला होता, मूत्रपिंडापर्यंत गेला होता. पत्र दिलं, फोनही केला. रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याने दाखला मागितला. ताईंनी तो पिशवीतून काढून दिला, मुलाच्या शाळेसाठी काढलेला, घडी पडलेला. त्याची मुदत 31 मार्चला संपली होती. नवा दाखला हातात येईपर्यंत त्यांनी मंगळसूत्र गहाण ठेवून औषधं आणली. उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षाबरोबर सरतो हे आम्ही आदल्या वर्षीच्या पत्रकात लिहायला हवं होतं. जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या प्रवेशासाठी घराघरात दाखला निघतोच. तोच आजारपणातही चालवता येईल अशा बेताने एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा.

रुग्णालयात गेल्यावर थेट बिलिंगच्या खिडकीवर जाऊ नका. समाजसेवा अधिकारी कुठे बसतात ते विचारा, कुठे त्यांना 'एमएसडब्ल्यू' म्हणतात. दाखला, शिधापत्रिका, आधार आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्यांना दाखवा आणि धर्मादाय योजनेखाली दाखल व्हायचंय हे पहिल्याच वाक्यात सांगा. दाखल होताना सर्वसाधारण रुग्ण म्हणून सही केली की नंतर वर्ग बदलून घेताना फार ओढाताण होते.

निर्धन रुग्णाला खाट, परिचारिकांची सेवा, निवासी डॉक्टर, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लागत नाहीत, औषधांचा आणि इम्प्लांटचा खर्च निधीतून होतो. दुर्बल घटकाला औषधं, साहित्य आणि इम्प्लांट रुग्णालयाच्या खरेदी किमतीला मिळतात, आणि त्यातले निदान निम्मे पैसे स्वतः भरावे लागतात. हे आधी कळलं तर डिस्चार्जच्या दिवशी धक्का बसत नाही.

तातडीच्या रुग्णाचं वेगळं आहे. जीव धोक्यात असेल तर रुग्णालयाने लगेच दाखल करून प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करायचे असतात. अनामत रक्कम मागायची नसते. कागद मागाहून आणता येतात.

खाट नाही म्हणून सांगितलं तर धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर रुग्णालयवार राखीव खाटा पाहता येतात. नकार तोंडी घेऊ नका. लेखी अर्ज द्या, त्याच्या प्रतीवर शिक्का घ्या आणि वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करा. मंत्रालयात मुख्यमंत्री सहायता निधी आणि धर्मादाय रुग्णालय मदत कक्ष आहे. सहायता निधीसाठी उत्पन्नाची मर्यादा 1 लाख 60 हजार आहे, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं आणि पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. म्हणून तो अर्ज उपचार चालू असतानाच करा.

आमदारांचा उपयोग इथे सुरू होतो. शिक्का मारलेला अर्ज आणि लेखी नकार हातात असेल तर आयुक्तांकडे पाठपुरावा करता येतो, मुंबईत भरणाऱ्या पावसाळी अधिवेशनात प्रश्न किंवा लक्षवेधी लावता येते. "आमच्या माणसाला खाट दिली नाही" एवढ्यावर सभागृहात उत्तर मागता येत नाही. तारीख, वेळ, रुग्णालयाचं नाव आणि कागद लागतो. एका घराची लेखी तक्रार पुढच्या दहा घरांच्या उपयोगी पडते, म्हणून पेशंट बरा होऊन घरी आला तरी तक्रारीची प्रत आमच्याकडे आणून द्या.

साध्या तापासाठी मात्र यातलं काहीच करत बसू नका. साचलेल्या पाण्यातून चालत आला असाल तर 72 तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन लेप्टोच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारा.

दाखल्याचा ऑनलाइन अर्ज आम्ही कार्यालयात विनाशुल्क भरून देतो. येताना मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत आणा आणि आधारला जोडलेला मोबाइल सोबत ठेवा. ओटीपी त्यावरच येतो, आणि मोबाइल मुलाकडे कॉलेजात राहिला म्हणून परत जावं लागलेल्या आजीही आम्ही पाहिल्या आहेत.