यात्रा-हंगामातील तमाशा

ग्रामदैवतांच्या चैत्र-वैशाखातील यात्रांमध्ये ढोलकी-फडाच्या (ढोलकीच्या साथीने प्रयोग करणाऱ्या फिरत्या मंडळीच्या) तमाशाचे जे प्रयोग होतात, त्यांचा समावेश या नोंदीत केला आहे. पुणे, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), सातारा, सांगली आणि सोलापूर हे जिल्हे, तसेच नाशिकचा दक्षिण भाग हा त्यांचा मुख्य पट्टा. फड दसऱ्याला उभे राहतात आणि बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास मोडतात. गुढीपाडव्यापासूनच्या सुमारे दीड महिन्यात मात्र बहुतेक प्रयोग सुपारीचे असतात, म्हणजे गाव ठरावीक रकमेला फड बोलावते आणि प्रेक्षकाला तिकीट नसते. कायम थिएटरात बसणारी संगीत बारी (पुण्याचे आर्यभूषण, दौंड तालुक्यातील चौफुला, सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंब) हा वेगळा प्रकार आहे. कोकणातील दशावतार आणि विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमी यांचे हंगामही निराळे. झाडीपट्टीची नाटके दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या आसपास थांबतात, आणि नेमका तेव्हाच यात्रेचा तमाशा भरात येतो.

उगम व कालनिर्णय. तमाशाच्या उगमाबाबत एकमत नाही. एक पक्ष त्याची मुळे गोंधळ, वाघ्या-मुरळी, लळित अशा विधिनाट्यांत शोधतो. दुसरा पक्ष उत्तर पेशवाईतील लष्करी तळ आणि शहरी रंजन यांवर भर देतो. राम जोशी (१७६२–१८१२), अनंत फंदी, होनाजी, सगनभाऊ, प्रभाकर या शाहिरांच्या रचना लिखित स्वरूपात टिकल्या, म्हणून दुसऱ्या पक्षाला कागदाचा आधार अधिक मिळतो. त्यातून लावणी आणि कवनाचा इतिहास स्पष्ट होतो हे खरे, परंतु गावच्या देवापुढे तमाशा का व्हावा याचे उत्तर मिळत नाही. यात्रेच्या तमाशाची अंगे पाहिली, तर पहिला पक्ष अधिक समाधानकारक वाटतो. गणाने (गणेशवंदनेने) आरंभ, देवापुढची हजेरी (दुसऱ्या सकाळचा बिनपडद्याचा तमाशा), नवस फेडण्यासाठी तमाशा घालण्याची चाल आणि गोंधळ्यांच्याही हाती असणारे तुणतुणे ही सारी विधिनाट्याशी नाते सांगणारी अंगे आहेत. दोन्ही प्रवाह एकत्र येऊन आजचा घाट तयार झाला, असे मानणे सयुक्तिक ठरेल.

वगाचा, म्हणजे तमाशातील कथानाट्याचा, प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. पहिला वग म्हणून सावळजच्या (जि. सांगली) उमा-बाबू यांच्या ‘मोहना बटाव’चा उल्लेख केला जातो आणि त्याचा काळ १८६५ च्या सुमाराचा सांगतात. हे साल सावधपणे घ्यावे लागते. वग तोंडी बसवले जात. सरदार, राजा, प्रधान, सोंगाड्या आपापले संवाद जागेवर रचत आणि पदे तेवढी बांधलेली असत. अशा प्रकाराचा ‘पहिला’ प्रयोग ठरवता येणे कठीण. बतावणीच (सोंगाड्याचे विनोदी संवाद) लांबत लांबत वग झाला असेल, तर त्याची सुरुवात एका तारखेला नव्हे, काही दशकांच्या ओघात झाली असणार. निश्चित म्हणता येते ते इतकेच की, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वग हे तमाशाचे स्वतंत्र अंग बनले होते. पठ्ठे बापूराव (श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, १८६६–१९४५, मूळ गाव रेठरे हरणाक्ष) यांच्या काळापर्यंत ते रात्रीच्या प्रयोगाचे मुख्य आकर्षण झाले. स्त्रीने तमाशाच्या फडात उघडपणे उभे राहण्याची सुरुवात त्यांच्या सहकलावंत पवळा हिवरगावकर यांच्या नावाशी जोडली जाते. त्याआधी नाच्या पोऱ्या स्त्रीभूमिका करी.

स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती. दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखालील समितीनंतर ती सशर्त उठली. वग लिहून मंजूर करून घेण्याची अट आली आणि तोंडी परंपरेला संहिता मिळाली.

तिथी आणि हंगाम. रब्बीची ज्वारी-गहू घरात आलेला, वावरे मोकळी, मुंबईला माथाडी किंवा नोकरी करणारी माणसे गावी आलेली आणि खरिपाची कामे अजून दूर, अशा दिवसांत यात्रा भरतात. तमाशाला लागणारी जागा, वर्गणी आणि प्रेक्षक तिन्ही एकाच वेळी उपलब्ध होतात. रामनवमी, चैत्र पौर्णिमा (हनुमान जयंती), चैत्र वद्य अष्टमी आणि अक्षय्य तृतीया या मोठ्या मागणीच्या तिथी. पुणे जिल्ह्यात भैरवनाथाच्या अनेक यात्रा वद्य अष्टमीला येतात. त्यामुळे त्या रात्री फड कमी आणि गावे जास्त होतात, सुपारी चढते. आठवड्याभराने तोच फड बराच कमी दराने मिळतो.

इंग्रजी तारखा सरकत असल्याने दोन वर्षांचे हंगाम सारखे नसतात. २०२४ मध्ये पाडवा ९ एप्रिलला आणि बुद्ध पौर्णिमा २३ मे रोजी आली. २०२६ मध्ये हेच दिवस १९ मार्च आणि १ मे असे पडतात. उशिराच्या हंगामाचे शेवटचे पंधरा दिवस वळवाच्या तोंडी सापडतात. अधिक मासात यात्रा भरत नाहीत. २०१० मध्ये अधिक वैशाख आला. चैत्र एप्रिलच्या मध्याला संपला आणि अक्षय्य तृतीया थेट १६ मे रोजी आली, म्हणजे हंगामाच्या मधोमध महिनाभर फड बसून राहिले. कलावंतांचा पगार मात्र चालूच राहतो. म्हणून फडमालक दसऱ्याला करार करतानाच पंचांग पाहतात.

बुकिंग. पाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे फडांच्या राहुट्या लागतात. हे गाव ‘तमाशा पंढरी’ म्हणून ओळखले जाते. सांगली जिल्ह्यातील विटा हे दक्षिणेकडचे तसेच केंद्र. भाऊ-बापू मांग नारायणगावकर आणि त्यांच्या घराण्यातील विठाबाई (१९३५–२००२) यांच्या कीर्तीमुळे नारायणगावला हा मान मिळाला, असे सर्रास सांगितले जाते. ती कीर्ती वादातीत आहे. तथापि गावाचे स्थान अधिक निर्णायक दिसते. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या या बाजारपेठेत जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेर, अकोले येथील पंचांना सकाळी येऊन संध्याकाळी परतता येते.

राहुटीच्या दारावर फडाच्या नावाचा फलक, कलावंतांची छायाचित्रे आणि आत सतरंजीवर मॅनेजर असतो. त्याच्यापुढे तिथीवार आखलेली वही असते. भरलेल्या तारखेवर गावाचे नाव, मोकळ्या तारखेवर कोरी ओळ. यात्रा कमिटीची चार-पाच माणसे तीन-चार राहुट्या फिरून दर काढतात, मग एकीकडे बसून विसार देतात. करारात तारीख, रक्कम, रात्रीचा कार्यक्रम एकटा की हजेरीसह, मंडळींचा शिधा, पाणी, विजेची सोय आणि पोलीस परवानगी कोणी काढायची हे नमूद होते. गाव रस्त्यापासून आत असेल, तर मोठी गाडी पोहोचते का हेही विचारून घ्यावे लागते. ओढ्यावरचा अरुंद पूल पाहून ट्रक मागे फिरल्याने वाद झाल्याची उदाहरणे अनेक गावांत सांगतात. उरलेली रक्कम साधारणपणे सामान उतरल्यावर काही आणि वग उभा राहण्यापूर्वी बाकीची अशी चुकती होते. वगाआधीचा हा हप्ता फडाला महत्त्वाचा, कारण वग संपताच गर्दी पांगते आणि पंचही.

एकाच तारखेला दोन गावांचा विसार घेतला जाणे हा सर्वांत कडवट वाद. मॅनेजरच्या वहीबाहेर मालकाने फोनवर शब्द दिलेला असला की तो हमखास उद्भवतो. अशा वेळी एका गावात मुख्य कलावंतांविना फड पाठवला जातो, आणि फलकावर पाहिलेला चेहरा रंगमंचावर न दिसल्याने लोक बिथरतात.

मांडणी व क्रम. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसे असतात. कलावंत, वादक, आचारी, चालक, बिगारी असे सगळे धरून ही संख्या होते. रंगमंच लोखंडी सांगाडा, फळ्या आणि पडदे यांचा, आणि तो उभा करायला दोन ते तीन तास लागतात. नांगरलेल्या वावरात पहार सहज शिरते पण खुंटी धरत नाही. म्हणून जागा आधी पाणी मारून दाबून घेतात. वावटळीत मागचा पडदा शिडासारखा फुगतो, तेव्हा ताण घेणारे दोर मागच्या बाजूस दुप्पट बांधावे लागतात.

प्रयोगाची सुरुवात ढोलकी-हलगीच्या सलामीने होते. नंतर गण, मावशी-पेंद्यासह गौळण, सोंगाड्याची बतावणी, लावण्यांची रंगबाजी आणि शेवटी वग असा क्रम. झीलकरी ‘जी जी रं जी’ची झील उचलून धरतात, त्यामुळे मुख्य गायकाला श्वासाला उसंत मिळते. वग पूर्वी पहाटेपर्यंत चाले. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकास मनाई करणारे नियम २००० साली आले. राज्य सरकारला वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते, पण गावोगावच्या यात्रांना त्यातून थोडाच दिलासा मिळतो. परिणामी साडेआठ-नऊच्या सुमारास पडदा उघडायचा आणि रंगबाजीला लोकांचा आग्रह असल्याने कात्री वगालाच लावायची, अशी रीत पडली. हे नुकसान मोठे आहे. सोंगाड्याची हजरजबाबी, राजाच्या तोंडावर त्याला शहाणपण शिकवण्याची त्याची मुभा, गावातल्या ताज्या घटनांवरचे त्याचे बोल हे सर्व वगातच फुलते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी असते. देवळाजवळ पाराखाली किंवा मांडवात, बिनपडद्याचा हा तमाशा प्रेक्षकांच्या मध्ये उभा राहून होतो. हौशी मंडळी नोट देऊन गाणे सांगतात. ही दौलतजादा देणाऱ्याच्या नावाने पुकारली जाते. दुपारी कुस्त्यांचा आखाडा सुरू होण्याआधी हजेरी आटोपावी लागते. त्यानंतर सामान भरून संध्याकाळी पुढच्या गावात पोहोचायचे असते. म्हणून हजेरीची सुपारी घेतली की दुसऱ्या दिवसाचे गाव शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत असलेले बरे. याहून लांबचे गाव घेतले की रंगमंच उशिरा उभा राहतो आणि दहाच्या मर्यादेमुळे प्रयोगच अपुरा राहतो.

उन्हाळा आणि वाद्ये. चामडी वाद्यांना चैत्रातली कोरडी हवा त्रास देते. ढोलकीच्या शाईच्या पुडीचा (शाई लावलेल्या कातडी तोंडाचा) स्वर दुपारी ताणून चढतो, तर उत्तररात्री हवेत दमटपणा आला की उतरतो. तमाशाचे गाणे वरच्या पट्टीत असते आणि गायिका बदलली की पट्टीही बदलते. त्यामुळे ढोलकीवाला दोन-तीन ढोलक्या वेगवेगळ्या स्वरांत लावून जवळ ठेवतो. पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर हातोडीने सगळीकडून सारखे ठोकत स्वर आणायचा असतो. एकाच बाजूला ठोकले, तर पुडी एकीकडे ओढली जाऊन स्वर फाटतो. उन्हात उभ्या ट्रकमध्ये ढोलकी राहिली की शाईला तडे जातात, टवके उडतात, आणि मग ती पुडी बदलण्यावाचून उपाय नसतो. म्हणून वाद्ये गोधडीत गुंडाळून चालकाच्या केबिनमध्ये ठेवण्याची पद्धत आहे.

हलगीचे कातडे वाजवण्यापूर्वी पाचट किंवा कडब्याच्या जाळावर शेकतात. कडे फिरवत, जाळापासून वीतभर दूर धरून, बोटाने टिचकी मारत नाद पाहतात. नाद कणखर झाला की लगेच बाजूला घ्यायचे, क्षणभर जास्त झाले तर कातडे फाटते. सकाळच्या हजेरीला उन्हात ठेवूनच काम भागते. फायबरच्या पानाची हलगी हा त्रास वाचवते, आणि ती आता सर्रास दिसते. तिचा आवाज मोठा पण एकसुरी असतो आणि ढोलकीशी होणारी सवाल-जवाबाची जुगलबंदी तिच्यावर तितकी खुलत नाही. तुणतुण्याची तार खुंटीने लावता येते, त्याला उन्हाचा फारसा अडसर नाही. ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड आल्यापासून काही फडांत ते केवळ हातात धरलेले दिसते.

नाचणाऱ्या स्त्रियांच्या प्रत्येक पायात शंभर-दीडशे घुंगरांचे चाळ असतात. घामाने पट्टा ओला होऊन घोटा सोलवटतो. म्हणून आत जुन्या सुती कापडाची घडी गुंडाळतात.

अवकाळी व इतर अडथळे. पाऊस आला तर पैसे कोणाचे, हा करारातील नाजूक मुद्दा. गण होऊन गेला असेल तर कार्यक्रम झाला असे फड धरतो, गावाचा हिशेब वगावर असतो. बऱ्याचदा अर्ध्यावर तडजोड होते किंवा मोकळ्या तारखेला पुन्हा येण्याचे ठरते. निवडणुकीच्या वर्षी बंदोबस्ताअभावी परवानगी अडते. २०२४ मध्ये लोकसभेचे राज्यातील मतदान १९ एप्रिल ते २० मे असे पाच टप्प्यांत झाले, म्हणजे जवळजवळ सगळ्या हंगामावरच. २०२० चा पाडवा २५ मार्चचा, त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलचा, दुसऱ्याच रात्री राज्यात कडक निर्बंध लागले. सलग दोन उन्हाळे बुडाल्याने फडांवरील कर्ज वाढले. दसऱ्याला कलावंतांना द्यायची उचल व्याजाने काढलेली असते आणि ती फेडण्याची भिस्त याच दीड महिन्यावर असते.

इतर प्रदेश. खानदेशात फडांना लोकनाट्य मंडळ म्हणतात, आणि बतावणीत अहिराणीचा भरपूर वापर होतो. मराठवाड्यात तमाशाचा मोठा मेळा हिवाळ्यात असतो. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत (मार्गशीर्ष) तिकिटाचे तंबू शेजारी-शेजारी लागतात.

कलावंत. फडातील कलावंत मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी, गोपाळ या समाजांतून आले. यात्रेत देवापुढे पहिला गण म्हणणाऱ्यांनाच पूर्वी त्या देवळाच्या पायरीवर चढता येत नसे. राज्य शासनाने विठाबाईंच्या नावाने २००६ पासून जीवनगौरव पुरस्कार सुरू केला आहे. हंगाम मोडल्यावर बहुतेक कलावंत पावसाळाभर शेतमजुरीला जातात. उचलीचा हिशेब बुद्ध पौर्णिमेनंतर होतो, आणि जी रक्कम फिटत नाही ती पुढच्या दसऱ्याच्या करारात धरली जाते.