वेस्ट नाईलवर अँटीबॉडी आहे, पण ती द्यायची कधी?

रात्री कानाशी गुणगुणणारा जो क्युलेक्स डास असतो ना, वेस्ट नाईल व्हायरस मुख्यतः त्याच्याच चाव्यातून येतो. हा व्हायरस 1937 साली युगांडात सापडला, 1999 मध्ये न्यूयॉर्कला पोचला आणि मग अख्ख्या अमेरिकेत पसरला. आपल्याकडेही तो जुनाच आहे, 1952 मध्येच मुंबईतल्या लोकांच्या रक्तात त्याच्या अँटीबॉडीज, म्हणजे व्हायरसला धरून निकामी करायला शरीर बनवतं ती प्रोटीन्स, मिळाल्या होत्या आणि केरळात अधूनमधून पेशंट सापडतात. 10 पैकी 8 जणांना काहीच कळत नाही, साधारण 150 मधल्या एखाद्याच्याच मेंदूत नाहीतर मज्जारज्जूत तो शिरतो, पण त्या एकाचे फार हाल होतात, ताप, बरळणं, झटके, कधी हात नाहीतर पाय लुळा पडतो तो परत पहिल्यासारखा होईलच असं नाही. आणि यावर मान्यता मिळालेलं औषध आजही नाही.

म्हणून ई16 ची गोष्ट सांगावीशी वाटते. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत मायकल डायमंड यांच्या टीमने ही अँटीबॉडी शोधली, 2005 मध्ये रिझल्ट छापून आले. या व्हायरसच्या अंगावर ई नावाच्या प्रोटीनच्या 180 प्रती असतात. पेशी त्याला एका पिशवीत घालून आत ओढते, पिशवीत ॲसिड वाढतं, मग ई प्रोटीन आकार बदलतं, व्हायरसचं आवरण पिशवीच्या भिंतीत मिसळतं आणि आतला ऐवज पेशीत सुटतो. ई16 त्या प्रोटीनला असं काही धरून ठेवते की आकारच बदलता येत नाही, आणि त्यासाठी सगळ्या 180 जागा धरायची गरज नाही, 30 च्या आसपास पुरतात! इन्फेक्शन होऊन पाच दिवस झालेले, म्हणजे व्हायरस मेंदूत गेलेले उंदीरसुद्धा एका डोसवर वाचले. पुढे ॲरिझोनात हीच अँटीबॉडी तंबाखूच्या जातीतल्या झाडांमध्ये तयार करून दाखवली, स्वस्तात बनवता यावी म्हणून.

मग माणसांत का नाही चाललं? ई16 ची माणसांवरची ट्रायल पुरेसे पेशंट न मिळाल्याने थांबली. त्याआधी इस्रायलच्या रक्तदात्यांकडून घेतलेल्या अँटीबॉडीजची अमेरिकेत 62 पेशंटवर ट्रायल झाली, तिथे फरक दिसला नाही.

मला विचाराल तर यात अँटीबॉडीपेक्षा वेळेचा दोष जास्त आहे. व्हायरस रक्तात भरपूर असतो तो लक्षणं दिसायच्या आधी. पेशंट बरळायला लागतो, घरचे घाबरून ॲडमिट करतात, डॉक्टर पाठीतून पाणी काढून टेस्टला पाठवतात आणि त्या टेस्टमध्ये शोधतात काय, तर पेशंटच्याच शरीराने बनवलेल्या अँटीबॉडीज. म्हणजे निदान पक्कं होईपर्यंत शरीर स्वतःच कामाला लागलेलं असतं, व्हायरस मेंदूच्या पेशींत घुसून बसलेला असतो, आणि रक्तात दिलेल्या अँटीबॉडीतला हजारातला जेमतेम एखादा भाग मेंदूत पोचतो. बैल गेला नि झोपा केला अशी गत.

पण काही पेशंट असे असतात ज्यांचं शरीर अँटीबॉडी नीट बनवू शकत नाही, रिटुक्सिमॅब (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींची वाढ ज्यांपासून होते त्या पेशी मारणारं औषध) घेणारे कॅन्सरचे पेशंट, अवयव बदललेले लोक. त्यांच्यात व्हायरस रक्तात जास्त दिवस राहतो, म्हणून साधी अँटीबॉडीची टेस्ट निगेटिव्ह आली तरी थेट व्हायरस शोधणारी पीसीआर करायलाच हवी, आणि पुढची ट्रायल या लोकांपासून, तापाच्या पहिल्या दिवसांतच सुरू व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.