विशेष पोलीस अधिकारी (एसपीओ)

दंगल किंवा शांतताभंगाची भीती असताना नेहमीचे पोलीसबळ अपुरे पडले, की ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक हद्दीपुरता पोलीस म्हणून नेमला जाणारा सामान्य नागरिक. बोलण्यात सगळीकडे ‘एसपीओ’च म्हणतात. नावात ‘अधिकारी’ असले तरी प्रत्यक्षात तो शिपायाच्या हाताखाली दोरी धरूनही उभा असतो.

या तरतुदीचे मूळ १८६१ च्या पोलीस अधिनियमात आहे. त्याच्या कलम १७ नुसार निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाचा अधिकारी जवळच्या दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करतो आणि दंडाधिकारी आसपासच्या रहिवाशांमधून माणसे नेमतो. कलम १८ नुसार त्यांना नियमित पोलिसांचेच अधिकार व संरक्षण मिळते; कर्तव्ये, शिक्षा आणि वरिष्ठही तेच. कलम १९ मात्र आजच्या वाचकाला चकित करील. सबळ कारणाशिवाय नेमणूक नाकारणाऱ्याला ५० रुपयांपर्यंत दंड! १८५७ नंतरच्या सरकारला स्वयंसेवक नव्हे, वेठीला धरता येणारे शेजारी हवे होते, हे इथे उघड दिसते.

महाराष्ट्रात १९५१ च्या पोलीस अधिनियमाचे (पूर्वीचा मुंबई पोलीस अधिनियम) कलम २१ लागू होते. पोलीस आयुक्त, अधीक्षक किंवा खास अधिकार दिलेला दंडाधिकारी सही-शिक्क्याच्या लेखी आदेशाने नेमणूक करतो आणि नेमलेल्याला प्रमाणपत्र मिळते. मूळ मजकुरात अट आहे ती १८ ते ५० वयाच्या धडधाकट पुरुषाची. बायकांचा विचार त्या शब्दांत नाही.

अधिकारांबाबत लोकांत बराच गोंधळ असतो. साध्या नागरिकाला आपल्या डोळ्यांदेखत अजामीनपात्र व दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला पकडता येते, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. एसपीओचे अधिकार याहून मोठे, पण ते आदेशातल्या मुदतीपुरते आणि हद्दीपुरते. एखादा मुलगा गळ्यात ओळखपत्र अडकवून चौकात दुचाकी अडवतो, लायसन्स मागतो, पुढे जाऊन चावीही काढून घेतो. मोटार वाहन कायद्यात लायसन्स मागण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला आहे, आणि छापील टी-शर्ट म्हणजे गणवेश नव्हे. चावी काढून घेण्याचे तर कुठे लिहिलेलेच नाही.

२०२० च्या टाळेबंदीत पुणे पोलिसांनी असे एसपीओ नेमले होते. पोलीस मित्र, होमगार्ड आणि पोलीस पाटील यांच्याशी एसपीओची गल्लत होते. पोलीस मित्र हा निव्वळ मदतनीस. होमगार्ड ही स्वतंत्र कायद्याने चालणारी संघटना, तर पोलीस पाटील हे १९६७ च्या ग्रामपोलीस अधिनियमाखालचे गावपातळीवरचे कायमचे पद.

एसपीओ ही पद्धत देशभर गाजली ती छत्तीसगडमुळे. २००५ मध्ये दक्षिण बस्तरमध्ये नक्षलवाद्यांविरुद्ध सलवा जुडूम ही मोहीम सुरू झाली आणि आदिवासी तरुणांना एसपीओ करून बंदुका देण्यात आल्या. राज्याच्या २००७ च्या पोलीस कायद्याने अधीक्षकाला थेट नेमणुकीची मुभा दिली. दंगलीची, अपुऱ्या बळाची अट उरली नाही. पाचवी पास असेल तर प्राधान्य, दोन महिन्यांचे प्रशिक्षण आणि महिना ३,००० रुपये मानधन. त्यातला ८० टक्के वाटा केंद्राचा.

‘नंदिनी सुंदर विरुद्ध छत्तीसगड राज्य’ या खटल्यात ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. बी. सुदर्शन रेड्डी व न्या. एस. एस. निज्जर यांनी ही व्यवस्था राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ व २१ चा भंग ठरवली. मारल्या गेलेल्या १७३ एसपीओंचा आकडा न्यायालयापुढे होता आणि संख्येच्या मानाने हे प्रमाण नियमित दलांपेक्षा कित्येक पट अधिक होते. कमी शिकलेल्या मुलांना प्रशिक्षणातल्या थोड्या तासांत फौजदारी कायदा व स्वसंरक्षणाची मर्यादा कळेल, हे न्यायालयाला पटले नाही. शस्त्रे परत घ्या, एसपीओंना नक्षलविरोधी कारवाईत वापरू नका, असे आदेश निघाले. आपत्तीतली मदत आणि वाहतूक नियमन यांना मुभा राहिली. राज्याने त्याच वर्षी सहायक सशस्त्र पोलीस दलाचा कायदा करून या तरुणांना त्यात सामावून घेतले. माणसे तीच राहिली, पाटी बदलली. असा कायदा करणे हा न्यायालयाचा अवमान नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले.

शेजारच्या गडचिरोलीतही स्थानिक, गोंडी बोलणारे तरुण जंगलात लढले. पण १९९० मध्ये उभे राहिलेले सी-६० पथक नियमित पोलिसांचे आहे. पगार, निवृत्तिवेतन, खातेनिहाय चौकशी, सारे लागू. हा फरक छोटा नाही.

२०११ चा निकाल छत्तीसगडपुरताच असल्याचे नंतर स्पष्ट झाल्याने जम्मू-काश्मीरमधली पद्धत टिकली. तिथे नव्वदच्या दशकापासून एसपीओ दहशतवादविरोधी कामात आहेत. २०१८ मध्ये मानधन वाढले ते सेवेच्या वर्षांनुसार: ६,०००, ९,००० आणि १५ वर्षे झालेल्यांना १२,००० रुपये. ‘तात्पुरत्या’ माणसाची पंधरा वर्षांची सेवा सरकारी आदेशातच मोजली गेली. त्यातल्या काहींना पुढे शिपाई म्हणून कायम केले जाते, बाकीचे मानधनावरच राहतात.