उत्तम मेंढपाळ (ख्रिस्ती संकल्पना)

देव आपल्या लोकांची मेंढपाळाप्रमाणे राखण करतो आणि त्यांचे तारण त्यांच्या पुण्याईने नव्हे, तर त्याच्या कृपेने होते, हा विश्वास व्यक्त करणारी ख्रिस्ती धर्मातील प्रतिमा. तिचे मूळ ज्यू धर्मग्रंथांत आहे. प्राचीन पश्चिम आशियात राजे स्वतःला प्रजेचे मेंढपाळ म्हणवीत. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांच्या संहितेतही ही पदवी आढळते. यहेज्केल या संदेष्ट्याने (अध्याय 34) मेंढरांची लोकर पांघरणाऱ्या, पण दुबळ्या मेंढराकडे ढुंकूनही न पाहणाऱ्या राज्यकर्त्यांवर ताशेरे ओढले असून, त्यांना दूर सारून देव स्वतःच कळपाच्या शोधात निघेल, असे सांगितले आहे. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ या शब्दांनी सुरू होणारे बायबलमधील 23 वे स्तोत्र बारकाईने वाचण्यासारखे आहे. त्यात आरंभी देवाचा उल्लेख ‘तो’ असा येतो. मात्र वाट अंधाऱ्या दरीत शिरताच कवी त्याला ‘तू’ म्हणू लागतो, आणि तेथेच मेंढपाळाच्या आकडीचा व काठीचा धीर वाटल्याचे सांगतो.

योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय 10) येशू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणतो. लांडगा दिसताच पळ काढणारा मोलकरी आणि मेंढरांसाठी प्राण देणारा मेंढपाळ असा भेद तो करतो. लूकच्या शुभवर्तमानातील (अध्याय 15) दृष्टान्तात शंभरांपैकी एक मेंढरू हरवते. मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरे रानात सोडून त्याला शोधतो व खांद्यावर घेऊन घरी येतो. दृष्टान्ताचा शेवट पश्चात्ताप करणाऱ्या पाप्याबद्दल स्वर्गात होणाऱ्या आनंदाने होतो. गोष्टीतले मेंढरू मात्र पश्चात्ताप करीत नाही, परतीची वाटही चालत नाही. ते केवळ सापडते. कृपेविषयीचा पुढचा सारा वाद या विसंगतीत बीजरूपाने आहे, असे म्हणता येईल.

नव्या करारातील इफिसकरांस पत्रात तारण हे कर्मांचे फळ नसून देवाचे दान असल्याचे म्हटले आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस या धर्मशिक्षकाने माणसाच्या इच्छाशक्तीवर भर दिला, तेव्हा बिशप ऑगस्टीनने देवाकडे वळण्याची इच्छादेखील कृपेनेच जागी होते, असे प्रतिपादन केले. 418 मध्ये कार्थेज येथील धर्मपरिषदेने पेलागियसची मते त्याज्य ठरवली. सोळाव्या शतकात जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने केवळ विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरण्याचा सिद्धान्त मांडला. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने 1547 मध्ये कृपेचे अग्रस्थान मान्य केले, पण माणसाने तिला दिलेला प्रतिसादही आवश्यक मानला. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक व ल्यूथरन प्रतिनिधींनी या प्रश्नावरील संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत हा वाद इतका टोकाला गेला नाही. तेथे कृपा व मानवी इच्छा यांचे सहकार्य गृहीत धरले जाते.

खांद्यावर मेंढरू घेतलेला तरुण हे आद्य ख्रिस्ती कलेतील एक अत्यंत लोकप्रिय चित्र असून, रोममधील भुयारी दफनभूमींत ते वारंवार दिसते. सिरियातील दुरा-युरोपोस येथे, तिसऱ्या शतकात, ते बाप्तिस्म्याच्या कुंडावरील भिंतीवर रंगवलेले होते. इटलीतील राव्हेन्ना येथील पाचव्या शतकातील मोझेइकमध्ये (रंगीत तुकड्यांच्या चित्रात) मात्र मेंढपाळाच्या अंगावर सोनेरी वस्त्रे आहेत आणि खांदा रिकामा आहे. राजवैभव आले, ओझे उतरले.

धर्मसेवकांसाठी रूढ असलेल्या ‘पास्टर’ या लॅटिन शब्दाचा अर्थ मेंढपाळ असाच होतो. मराठी ख्रिस्ती मंडळींत त्यांना पाळक म्हणतात. गोव्यात सतराव्या शतकात घडवलेल्या हस्तिदंती मूर्तींत उत्तम मेंढपाळ बालरूपात येतो. तो कड्यावर बसलेला असतो, खांद्यावर कोकरू असते आणि पायथ्याच्या गुहेत बहुधा येशूची पश्चात्तापी अनुयायी मरिया मग्दालिया पहुडलेली असते. ‘इस्राएलाचा रक्षक झोपत नाही’ असे स्तोत्रकार सांगतो. या मूर्तीतला बाळ मात्र गालाला हात लावून, डोळे मिटून बसलेला आहे.