निळ्या भिंतीने खोली गार होते?

‘पश्चिमेच्या खोलीला निळा द्या, उन्हाळ्यात गार राहील,’ हा सल्ला रंगाच्या दुकानात हमखास मिळतो. गार वाटेल कदाचित, होणार नाही. आतल्या रंगाने पारा फारसा हलत नाही. घर तापतं ते गच्ची, बाहेरची भिंत आणि खिडकीतून. गच्चीला पांढरा द्या, तो ऊन परतवतो.

उत्तरेच्या खोलीत उजेड मुळातच निळसर. त्यात फिकट निळा म्हणजे थेट दवाखाना! तिथे क्रीम किंवा पीच बरा. पण दिवाही बघा: तोच क्रीम ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; हा निळसर पांढरा) ट्यूबखाली पांढुरका दिसतो, २७०० च्या पिवळसर बल्बखाली लोण्यासारखा. म्हणून आधी भिंतीवर दोन फुटांचा पट्टा मारून तो दुपारी आणि रात्री, दोन्ही वेळा बघा. शेडकार्डावरचा चौकोन नखाएवढा असतो.