४२ वजा १७, उत्तर ३५

दुसरी-तिसरीच्या वह्या तपासताना असं एक पान हमखास समोर येतं:

४२ − १७ = ३५
६३ − २८ = ४५
५६ − २३ = ३३
८१ − ४६ = ४५
७० − ३४ = ४४
९८ − ४५ = ५३

सहापैकी चार चूक. वह्यांचा गठ्ठा मोठा असतो, तास संपत आलेला असतो. चार फुल्या मारायच्या, खाली 'लक्ष देऊन सोडव' असा शेरा लिहायचा आणि पुढची वही ओढायची. मी स्वतः कित्येक वर्षं हेच केलं. पण हे पान मिनिटभर नीट पाहिलं की कळतं, या मुलाचं लक्ष अगदी पुरेपूर होतं. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून त्याने ७ मधून २ घालवले. ३ मधून ८ जात नाहीत, म्हणून ८ मधून ३ घालवले. प्रत्येक उभ्या ओळीत मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, हा एकच नियम त्याने सहाही गणितांत न चुकता पाळला आहे. ५६ − २३ आणि ९८ − ४५ ही उत्तरं बरोबर आली, कारण तिथे वरचे अंक आधीच मोठे होते. म्हणजे ज्या दोन गणितांवर आपण बरोबरची खूण केली, तीही त्याने चुकीच्याच नियमाने सोडवली आहेत.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या अशाच चुकांचा अभ्यास मांडला. मुलांच्या पुष्कळशा चुका निष्काळजीपणाच्या नसतात, त्यांच्यामागे ठरलेली रीत असते, असं त्यांनी दाखवलं. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये एखादा बग, म्हणजे लपलेली चूक, असला की तो दर वेळी त्याच ठिकाणी घोळ घालतो, तसं. त्यांनी 'बग्गी' नावाचा एक प्रोग्रॅमच तयार केला. तो एखाद्या चुकणाऱ्या मुलासारखी उत्तरं द्यायचा आणि नेमकी कोणती रीत चुकते आहे, हे शिक्षकांनी ओळखायचं.

हा नियम मुलांकडे येतो कुठून, असा प्रश्न पडला की मला माझंच बोलणं आठवतं. "मोठ्यातून लहान घालवायची" हे वाक्य मी फळ्यासमोर उभं राहून किती वेळा म्हटलं असेल, त्याची गणती नाही. मी संख्येबद्दल बोलत होते, मुलांनी ते अंकाबद्दल ऐकलं. त्यात त्यांचं काय चुकलं?

आता समजा, ही वही न तपासताच त्या मुलाला घरी सोडवायला अशीच वीस गणितं दिली. मूल मनापासून वीसही सोडवेल आणि चुकीची रीत वीस वेळा गिरवली जाईल. सराव फक्त गिरवतो. काय गिरवतो आहोत, ते बरोबर की चूक, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून मला वाटतं की वर्गपाठ आणि गृहपाठ ही एकाच कामाची दोन टोकं नाहीत, ती दोन वेगळी कामं आहेत. वर्गात करायचं ते चूक सापडावी म्हणून, कारण तिथे विचारायला माणूस असतं. घरी करायचं ते सापडलेलं, समजलेलं पुन्हा आठवून पाहण्यासाठी. ही अदलाबदल झाली, म्हणजे वर्गात फळ्यावरचं उतरवून घेणं आणि नवा, न समजलेला भाग घरी, की दोन्हीकडचे कष्ट वाया जातात.

वर्गात चूक सापडायची तर मुलाला विचार करायला वेळ मिळावा लागतो. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात, असं त्यांना आढळलं. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला की मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे फार नाही. पण वर्गात ते फार लांब वाटतात, हे उभं राहिल्यावरच कळतं.

चुकीच्या समजुतीचं आणखी एक सुंदर उदाहरण आहे. मुलांना हे सोडवायला द्या: ८ + ४ = □ + ५. चौकटीत ७ यायला हवेत. पण बहुतेक मुलं १२ लिहितात, काही तर सगळं मिळवून १७. वर्षानुवर्षं त्यांनी पाहिलेल्या प्रत्येक पानावर बरोबरच्या चिन्हाची डावी बाजू प्रश्नाची आणि उजवी उत्तराची असते. त्यामुळे त्या दोन रेघांचा अर्थ त्यांच्यासाठी 'आता उत्तर लिही' असा होतो. हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ साली पुस्तकात वापरलं, तेव्हा सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघांइतक्या समान दुसऱ्या कोणत्याच गोष्टी असू शकत नाहीत, असं कारण त्याने दिलं होतं. दोन्ही बाजू समान, एवढंच ते चिन्ह सांगतं. वर्गपाठात अधूनमधून १२ = ७ + ५ असं उलटं लिहिलं, तरी या समजुतीला हादरा बसतो.

आता घरच्या अभ्यासाकडे येऊ. वर्गात मूल बरोबर सांगतं आणि दुसऱ्या दिवशी कोरं होऊन येतं, ही तक्रार शिक्षकही करतात आणि पालकही. १८८५ साली हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरगटांच्या याद्या तो पाठ करायचा आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो, ते मोजायचा. वीसेक मिनिटांनंतर पहिल्या मेहनतीपैकी सुमारे ५८ टक्के वेळ वाचत होता, तासाभराने ४४ टक्के, एका दिवसाने ३४ टक्के आणि महिन्याने २१ टक्के. विसरण्याची घसरण पहिल्या काही तासांत तीव्र असते, नंतर ती संथ होते. वर्गात शिकलेल्या अर्थपूर्ण धड्याचं विसरणं याहून हळू होतं, पण घसरणीचा आकार साधारण असाच असतो. मूल दुसऱ्या दिवशी कोरं दिसलं, तर त्यात त्याचा दोष नाही. मेंदू असाच चालतो.

विसरण्याच्या याच घसरणीत गृहपाठाची खरी जागा दिसते. थोडं विसरल्यावर पुन्हा आठवलं की पुढची घसरण मंदावते. एकाच संध्याकाळी तासभर सराव करण्यापेक्षा तोच तास चार दिवसांत पंधरा-पंधरा मिनिटांनी वाटला तर जास्त टिकतो, हे शेकडो प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तेव्हा आज शिकवलेल्याची पंधरा गणितं आजच देण्यापेक्षा आजची पाच, गेल्या आठवड्यातली तीन आणि गेल्या महिन्यातली दोन द्यावीत. काम कमी होतं आणि फळ जास्त मिळतं.

पण आठवायचं म्हणजे काय, इथे खरी गोम आहे. 'अवघड शब्द पाच-पाच वेळा लिहा' हा गृहपाठ मूल कसं करतं, ते शेजारी बसून एकदा पाहा. 'आशीर्वाद' लिहायचा असतो. मूल आधी वरून खाली पाच वेळा 'आ' लिहितं. मग पाच वेळा 'शी'. मग पाच 'र्वा' आणि शेवटी पाच 'द'. कारखान्यातल्या पट्ट्यावर सुटे भाग जोडावेत तसं काम भराभर उरकतं. पान भरतं, अक्षरही छान येतं, पण 'आशीर्वाद' हा अख्खा शब्द त्याने एकदाही मनातून काढून लिहिलेला नसतो. शी पहिली की दुसरी, हा प्रश्न त्याला पडतच नाही, कारण उत्तर वरच्याच ओळीत दिसत असतं.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. एका आठवड्याने चित्र पालटलं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि त्या ओळखीलाच आपण 'येतं' असं समजतो. तसाच परिणाम शाळकरी मुलांमध्येही दिसला आहे. शब्दांच्या बाबतीत उपाय साधा आहे: शब्द नीट बघायचा, हाताने झाकायचा, मनातून लिहायचा, हात काढून ताडून पाहायचा. असं दोनदा केलं तरी ते पाच वेळा उतरवण्यापेक्षा मोलाचं.

उतरवणं सर्वस्वी निरुपयोगी असतं, असं मात्र नाही. अक्षरओळखीच्या वयात हाताने लिहिण्याला फार महत्त्व आहे. करिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ साली वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरं हाताने लिहायला, काही ठिपक्यांवरून गिरवायला आणि काही कळफलकावर दाबायला दिली. नंतर ती अक्षरं दाखवून मेंदूचं चित्रण केलं. वाचनासाठी वापरले जाणारे भाग ठळकपणे जागे झाले, ते मुलांनी स्वतःच्या हाताने मोकळेपणी लिहिलेल्या अक्षरांच्या वेळी. मुलाचा 'क' दर वेळी वेगळा वाकडा येतो. त्या सगळ्या वाकड्या रूपांतून 'क'चं 'क'पण कशात आहे ते त्याला उमगत असावं, असं संशोधकांना वाटतं. पहिलीतल्या मुलाच्या वेड्यावाकड्या अक्षरावर खोडरबर फिरवायची घाई नको, ती याचसाठी.

गणिताच्या गृहपाठाचंही असंच आहे. पानभर वजाबाक्याच असल्या की मूल प्रश्न वाचत नाही. दोन संख्या शोधायच्या आणि खालची वरचीतून घालवायची. केली टेलर आणि डग रोहरर यांनी २०१० साली चौथीच्या मुलांना चार प्रकारची गणितं दिली. काहींना एकेका प्रकाराचा गठ्ठा करून, काहींना चारही प्रकार मिसळून. सराव करताना गठ्ठ्यावाल्यांची उत्तरं जास्त बरोबर येत होती. दुसऱ्या दिवशीच्या चाचणीत मात्र त्यांना ३८ टक्के मिळाले आणि मिसळून करणाऱ्यांना ७७ टक्के. इथे कोणती रीत लावायची, हे ठरवण्याचा सराव फक्त मिसळलेल्या पानावर होतो. त्या पानावर चुका जास्त होतात, हे पालकांना आधीच सांगून ठेवायला हवं.

किती गृहपाठ द्यावा, यावर फार भांडणं होतात. हॅरिस कूपर यांनी अमेरिकेतले अभ्यास एकत्र करून १९८९ आणि २००६ साली जे मांडलं, त्यावरून मोठ्या वर्गांत गृहपाठ आणि यश यांचा संबंध स्पष्ट दिसतो, प्राथमिक वर्गांत तो फार क्षीण आहे. इयत्तेला दहा मिनिटं, म्हणजे दुसरीला वीस आणि चौथीला चाळीस, हा अंदाज तिथे बराच वापरला जातो. मला तर तोही लहान मुलांसाठी जास्तच वाटतो.

पालकांविषयी एकच सांगते. एरिन मॅलोनी, सायन बीलॉक आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली पहिली-दुसरीच्या मुलांचा वर्षभराचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना स्वतःला गणिताची धास्ती आहे अशा पालकांनी वारंवार गणिताचा अभ्यास घेतला, त्यांची मुलं त्या वर्षी गणित कमी शिकली आणि त्यांच्याही मनात धास्ती वाढली. असे पालक अभ्यासात फारसे पडले नाहीत, तेव्हा मात्र हा परिणाम दिसला नाही. घरी शिकवायची वेळच येऊ नये, असा गृहपाठ देणं हे शाळेचं काम आहे. घरच्यांनी 'कसं केलंस, मला सांग' म्हणून ऐकलं तरी पुष्कळ झालं.

आणि वहीवर काय लिहायचं? रूथ बटलर यांनी १९८८ साली पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त कामाबद्दलचा शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली आणि त्यांचा रसही टिकला. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मुलं जवळपास फक्त गुण मिळालेल्यांसारखीच वागली. आकडा दिसला की शेजारच्याचा आकडा पाहिला जातो. शेरा वाचायचं राहून जातं.

त्या वहीवर मी पुढे फुल्या मारणं बंद केलं. मुलाला जवळ बोलावलं, दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यासमोर ठेवल्या आणि म्हटलं, "यातल्या सतरा मला दे." त्याने एक गठ्ठा दिला. मग सुट्या दोन दिल्या. मग हात थांबला. मी मनात तीन मोजले, मग आणखी तीन. त्याने एका गठ्ठ्याचं रबर काढलं, पाच काड्या मोजून माझ्या हातावर ठेवल्या आणि टेबलावर उरलेल्या मोजल्या. पंचवीस. वहीतल्या पस्तीसकडे तो बराच वेळ पाहत राहिला. "बाई, मग ही बाकीची पण चुकली असतील," असं म्हणून त्याने खडखडत्या कंपासपेटीतून पेन्सिल काढली आणि ६३ − २८ पासून पुन्हा सुरुवात केली.